साखर उतरते, पण जाते का?

‘जातो का हो हा कायमचा?’ मधुमेहाचा विषय निघाला की आपण बायका एकमेकींना दुसरं काही विचारतच नाही. हळदीकुंकवाला, भिशीला, एसटीत, लॅबबाहेरच्या बाकड्यावर बसल्या बसल्या, हाच प्रश्न. उत्तरं देणारेही भरपूर. कुणी म्हणतं कारल्याचा रस घ्या, कुणी म्हणतं भेंडी चिरून रात्रभर पाण्यात ठेवा, कुणाच्या मोबाइलवर ‘नव्वद दिवसांत मधुमेह मुळापासून!’ असा व्हिडिओ येऊन पडलेला असतो. आणि त्याच बाकड्यावरची दुसरी एखादी सुस्कारा टाकून सांगते, ‘एकदा लागला की मेल्यावरच सुटतो बाई!’

या दोन टोकांच्या मधे खरं काय आहे, हे गेली तीन-साडेतीन वर्षं मी शोधतेय. हौस म्हणून नाही, गरज म्हणून. बार्शीतल्या आमच्या घरात एकाच ओट्यावर स्वयंपाक करणाऱ्या आम्ही दोघी जावा. दोघींच्या रक्तात साखर. मला ती सत्तेचाळिसाव्या वर्षी सापडली, तीही नुकतीच वाढायला लागलेली. मोठ्या जाऊबाईंना मधुमेह होऊन सोळा वर्षं झाली आहेत, दोन वेळा इन्सुलिन आहे. ‘जातो का?’ या एकाच प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघींना वेगवेगळं मिळालं. का, ते सांगते.

आधी आकडे, कारण निम्मा घोळ तिथेच असतो. उपाशीपोटी साखर १००च्या आत असली तर उत्तम. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. १२६ किंवा त्याच्या पुढे, आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, तर मधुमेह. दुसरी तपासणी एचबीए१सीची. मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी कशी होती, त्याचा हा पाढा. ५.७च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५पासून पुढे मधुमेह. या उंबरठ्याला डॉक्टर ‘प्रीडायबेटिस’ म्हणतात. माझा आकडा होता ६.२.

२०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेह असलेल्यांचा अंदाज होता १० कोटी १० लाख, आणि उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख! म्हणजे घरात शिरलेल्यांपेक्षा दारात उभे असलेले जास्त. या अवस्थेत बहुतेकदा काहीच त्रास होत नाही. ना तहान, ना थकवा, ना वजन उतरणं. म्हणून कळतही नाही. घरात नवऱ्याची साखर दर तीन महिन्यांनी तपासली जाते, सासूबाईंची तपासली जाते, पथ्याचं वेगळं आपणच रांधतो, आणि आपलं रक्त शेवटचं कधी तपासलं ते आठवायला बाळंतपणापर्यंत मागे जावं लागतं. हे चित्र माझ्या ओळखीच्या किती घरांत आहे ते मोजायला बसले तर बोटं पुरणार नाहीत.

आता मूळ प्रश्न. मधुमेह ‘बरा झाला’ असं डॉक्टर म्हणत नाहीत. २०२१ मध्ये अमेरिका, युरोप आणि ब्रिटनमधल्या मधुमेहतज्ज्ञांच्या संस्थांनी एकत्र बसून एक शब्द पक्का केला, ‘रेमिशन’. साखरेची सगळी औषधं बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५च्या खाली असेल, तर त्याला रेमिशन म्हणायचं. मी माझ्यापुरता त्याचा अर्थ ‘दबलाय’ असा करते. दबलाय म्हणजे गेला नव्हे. वजन पुन्हा चढलं, चालणं सुटलं की तो डोकं वर काढतो. म्हणून औषध सुटलं तरी वर्षातून एकदा एचबीए१सी, डोळे आणि किडनीची तपासणी सुटत नाही.

पण दबतो तरी कसा? हे मला इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांच्या कामावरून समजलं, आणि समजल्यावर खूप गोष्टी जागच्या जागी बसल्या. आपण गरजेपेक्षा जास्त खातो, ती वरकड चरबी आधी कातडीखाली साठते. तिथली जागा संपली की ती यकृतात जाऊन बसते. चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. ‘रात्री काही खाल्लं नाही तरी सकाळी उपाशीपोटी साखर १५० कशी?’ याचं उत्तर हे! मग तीच चरबी स्वादुपिंडात उतरते आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना दाबून टाकते. ही चरबी काढून घेतली तर पेशी पुन्हा कामाला लागतील का, हा टेलर यांचा प्रश्न होता. २०११ मध्ये त्यांनी मधुमेह होऊन चार वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या ११ जणांना आठ आठवडे दिवसाला जेमतेम ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवलं. पहिल्या आठवड्यातच उपाशीपोटीची साखर ताळ्यावर आली. पेशींना जाग यायला मात्र आठ आठवडे लागले.

मग मोठा प्रयोग झाला. स्कॉटलंड आणि न्यूकॅसलच्या परिसरातले ३०६ रुग्ण, सगळ्यांना मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत, इन्सुलिन कुणालाच नाही. निम्म्या लोकांची औषधं पहिल्या दिवशी डॉक्टरांनी बंद केली आणि त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला सव्वाआठशे-साडेआठशे कॅलरींचं पातळ खाणं दिलं, मग हळूहळू नेहमीचं अन्न. २०१७ मध्ये निकाल आला. वर्षानंतर शंभरातल्या ४६ जणांचा मधुमेह दबलेला होता, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत फक्त चौघांचा. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात तर ८६ टक्क्यांचा. दोन वर्षांनी ४६चे ३६ झाले. आणि दोन वर्षांनी ज्यांचा दबलेला होता, त्यांच्यापैकी पाच वर्षांनीही तो दबलेलाच राहिला असे साधारण एक चतुर्थांश.

हा शेवटचा आकडा जाहिरातीत कुणी सांगत नाही. मला मात्र तो सगळ्यात खरा वाटतो. वजन उतरवणं एकवेळ जमतं, पण पाच वर्षांतल्या लग्नसराया, दिवाळ्या, घरातली आजारपणं यांतून ते उतरलेलंच ठेवणं, हे कुठल्याही देशातल्या माणसाला अवघडच जातं. आणि एक सांगून ठेवते, हा आठशे कॅलरींचा प्रकार घरी कुणी स्वतःच्या मनाने करू नका. तिथे प्रत्येकावर डॉक्टरांचं लक्ष होतं.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, ‘पण मी कुठे जाड आहे?’ याचं उत्तर विलायतेत नाही, पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या हडकुळ्या दिसणाऱ्या बाळात स्नायू कमी असले तरी चरबी जवळजवळ तेवढीच! वरून बारीक, आतून चरबीदार. २००४ मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

म्हणजे आपल्या लोकांची चरबी साठवायची जागा लवकर संपते. म्हणून वजनकाट्याइतकंच टेपकडे बघायचं. भारतीय बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, याच्या आत असावा असं सांगतात. ब्लाउजचं माप दर महिन्याला तपासणाऱ्या आपण, हे एक माप मात्र पदराखाली झाकून ठेवतो. यातली चांगली बातमी अशी की बारीक माणसाला पंधरा किलो उतरवावे लागत नाहीत. न्यूकॅसलच्याच २०२३च्या एका छोट्या अभ्यासात जाड नसलेल्या २० मधुमेहींनी वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास उतरवलं आणि त्यांतल्या १४ जणांचा मधुमेह दबला.

उंबरठ्यावरच्या बाईचं काम याहून सोपं असतं. ही गोष्ट मला कुणीतरी पाच वर्षं आधी सांगायला हवी होती असं राहून राहून वाटतं. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये उंबरठ्यावरच्या ५७७ लोकांचा अभ्यास सुरू झाला. सहा वर्षं काहींचं खाणं, काहींचं चालणं, काहींचं दोन्ही सुधारलं. तीस वर्षांनी पाहिलं तर या लोकांना मधुमेह सरासरी चार वर्षं उशिरा झाला होता आणि हृदयविकारही कमी होता. अमेरिकेतल्या २००२च्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच उद्दिष्ट ठेवलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनीच घटलं. आणि आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, काहीच न बदलणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, खाणं-चालणं सुधारणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना. गंमत म्हणजे या चेन्नईकरांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं, तरी फायदा झाला! काट्याने साथ दिली नाही म्हणून चालणं सोडून देणाऱ्या मैत्रिणींसाठी हे मुद्दाम लिहिलं.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण खरी लढाई तिथेच.

आमच्या सोलापूरकडे ज्वारीची भाकरी म्हणजे औषध, असा समज आहे. ‘मी चपाती सोडली, भाकरी खाते, तरी साखर उतरेना!’ किती खाता विचारलं तर सकाळी दोन, रात्री दीड, तीही परातभर. ज्वारीत चोथा चांगला आहे, पोट भरल्यासारखं राहतं, हे खरं. पण शंभर ग्रॅम ज्वारीत पिष्टमय भाग ६८ ग्रॅमच्या आसपास असतोच, गव्हाच्या पिठातही साधारण तेवढाच. वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच पाहणीतला आहाराचा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या देशात दिवसभराच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के भात, पोळी, भाकरी, साखर अशा पिष्टमय आणि गोड पदार्थांतून येतात. त्यात एक निष्कर्ष फार मोलाचा आहे. भाताऐवजी गहू किंवा नाचणी-ज्वारी घेतली, पण एकूण पिष्टमय अन्न तेवढंच ठेवलं, तर धोका काही कमी झालेला दिसत नाही. त्यातलं थोडं काढून त्या जागी डाळ, कडधान्य, दूध-दही घातलं तर होतो.

आम्ही केलं ते एवढंच. दोन भाकऱ्यांची एक झाली आणि मूठभर उसळीची मोठी वाटी झाली. मटकी, हुलगे, हरभरा, आलटून पालटून. पिठलं हे भाकरीबरोबर बोटाने चाटायची गोष्ट राहिली नाही, वाटीभर खायची झाली. ताक दोन वेळा. घरात अंडी चालतात, तेव्हा आठवड्यातून चारदा अंडी. जेवायला बसलं की आधी काकडी-मुळा-पालेभाजी आणि उसळ, मग भाकरीला हात. भात रविवारी. शेंगाचटणी सोडलेली नाही, ती सोडली तर आम्हाला बार्शीत कोण राहू देईल! फक्त ती चमच्याने घेतो, मुठीने नाही.

साखरेऐवजी गूळ, हा आणखी एक गोड गैरसमज. गुळाचा बहुतेक भाग साखरच. काकवी, मध, ‘शुगर फ्री’ म्हणून मिळणारी मैद्याची बिस्किटं, कुणीच आपलं सोयरं नाही.

आणि उपवास. एकादशी, चतुर्थी, गुरुवार, शनिवार. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, वर रताळ्याच्या गोड फोडी, संध्याकाळी भगर. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते काही उगीच नाही. जाऊबाईंची एकादशी मोडणं माझ्या हातात नव्हतं आणि मला मोडायचीही नव्हती. भगवंताच्या गावात राहून ते शोभतही नाही. साबुदाण्याच्या जागी राजगिऱ्याची छोटी भाकरी, दही, काकडीची शेंगदाणे घातलेली कोशिंबीर, ताक असं सुरू केलं. देवाने अजून तक्रार केलेली नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच आहारतक्त्यात सापडत नाही. ती म्हणजे उरलेलं अन्न. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत रात्रीचे साडेदहा, मग पातेल्यात उरलेला भात ‘कशाला टाकायचा’ म्हणून आपल्या ताटात. आपल्या पोटाला आपणच घरातला उकिरडा केलाय! मी आता सगळ्यांबरोबर आठला जेवते. पहिले पंधरा दिवस घरात जरा कुजबुज झाली, मग सवय झाली. उरलेला भात सकाळी फोडणी देऊन ज्याला हवा तो खातो.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवायच्या पद्धतीबद्दल मला बऱ्याच जणी विचारतात. दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं आणि रोज ४५ मिनिटं चालायचं. आमच्या गल्लीत तीन घरांत चाललंय, काहींना मानवलंय. येता-जाता तोंडात टाकणं बंद झालं तर वजन उतरणारच. पण जिला इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, तिने डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा बदलल्या तर साखर एकदम खाली जाऊन भोवळ येऊ शकते. पद्धत कुठलीही निवडा, आधी औषधाचं बघा.

चालण्याबद्दल थोडंच लिहिते, कारण ‘घरकामात होतंच की आमचं चालणं’ हे उत्तर मला पाठ आहे. घरकामाने थकवा येतो, दम लागत नाही. दम लागेल इतपत सलग चालावं लागतं. पहाटे बाहेर पडणं जमत नसेल तर दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर, अंगणात चाललं तरी जेवणानंतर चढणारी साखर खाली राहते, कारण पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. शिवाय आम्ही दोघी टीव्हीसमोर बसल्या बसल्या खुर्चीतून दहा वेळा उठतो-बसतो, हात न टेकता. दिसायला येडपट दिसतं. पण स्नायू वाढायला असलं काहीतरी लागतंच.

माझं वजन १४ महिन्यांत ६८ वरून साडेबासष्टवर आलं आणि एचबीए१सी ५.६. तेव्हापासून ते ५.५ ते ५.८च्या दरम्यान फिरतंय. मागच्या वर्षी दिराच्या मुलीचं लग्न झालं, त्यानंतरचा रिपोर्ट ५.८चा. आमरस फक्त कैरीसारखा दिसेल इतका चाखायचा, हे अजून मला जमत नाही.

आणि इथेच मोठ्या जाऊबाईंची गोष्ट सुरू होते. माझा रिपोर्ट हातात धरून त्या म्हणाल्या, ‘अगं, तुझी उतरली तर माझी का नाही? एकाच ताटातलं खातो ना आपण?’ मी म्हटलं, ‘ताई, आपण डॉक्टरांना विचारू ना.’ पण त्याच आठवड्यात कुणीतरी त्यांना एका काढ्याचा पत्ता दिला. अडीच हजारांची बाटली, सोबत अट की ‘इन्सुलिन चालू असेल तर काढा लागू पडत नाही.’ त्यांनी घरात कुणाला न सांगता इन्सुलिन बंद केलं. अकराव्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या, श्वास फुलला, बोलण्यात असंबद्धपणा आला. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर ४८० होती. चार दिवस सलाईन, त्यातले दोन अतिदक्षता विभागात. त्या चार दिवसांत आमचे मोठे दीर व्हरांड्यातून हलले नाहीत.

डॉक्टर रागावले नाहीत. जाऊबाईंना त्यांच्या भाषेत समजावलं. ‘विहिरीत गाळ साचला तर तो उपसला की पाणी येतं. तुमच्या धाकट्या जाऊबाईंच्या विहिरीत गाळ होता. तुमचा झराच बराचसा आटलाय. गाळ उपसायचाच, पण वरून पाणी घालावंच लागणार.’ दुष्काळी भागातल्या बाईला याहून वेगळं काय सांगायचं! मधुमेह जितका जुना, तितकी इन्सुलिन करणाऱ्या पेशींना परत जाग येण्याची शक्यता कमी. न्यूकॅसलच्या २०१६च्या ३० जणांच्या अभ्यासात चार वर्षांच्या आतल्या मधुमेहींपैकी सहादशांश लोकांची साखर ताळ्यावर आली, आठ वर्षांहून जुन्यांपैकी पाचात जेमतेम एकाची.

मग जुन्या रुग्णाने हात टेकायचे का? मुळीच नाही. ब्रिटनमध्ये १९९८ साली एका दीर्घ अभ्यासाचा निकाल लागला. दहा वर्षं एचबीए१सी ७.९ऐवजी ७वर ठेवलं, तर डोळ्यांचे आणि किडनीचे त्रास, लहान रक्तवाहिन्या बिघडल्यामुळे होणारे असे त्रास, २५ टक्क्यांनी कमी झाले. ७ म्हणजे मधुमेह दबला नव्हे, ताब्यात राहिला. तो ‘नुसता ताबा’ नाही, ती दृष्टी आहे, डायलिसिस टळणं आहे, पाय शाबूत राहणं आहे. जाऊबाईंचं एचबीए१सी तेव्हा १०.४ होतं, आता ७.४ आहे. इन्सुलिन ४६ युनिटांवरून ३०वर आलंय, ते डॉक्टरांनी एकेक पायरी उतरवलं. दर वर्षी डोळ्यांत थेंब टाकून पडदा तपासतात, रोज रात्री तळपाय मी बघते, कारण त्यांना वाकून दिसत नाही.

औषधांबद्दल दोन-तीन गोष्टी लक्षात असू द्या. खाणं कमी करणार असाल तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण गोळीचा डोस त्यांना कमी करावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा त्या जातीची गोळी चालू असताना कडक उपवास किंवा भाकरी-भात अगदी बंद, असं करू नका. त्यात क्वचित साखर फार न वाढताही रक्तात आम्ल साचतं आणि जिवावर बेततं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्या, विशेषतः शाकाहारी बायकांना बी-१२ कमी पडतं, मग पायाला मुंग्या येतात आणि आपण त्या मधुमेहाच्या खाती टाकतो. बी-१२ तपासून घ्या. २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागलेली टिर्झेपेटाइडची आठवड्याची इंजेक्शनं वजन आणि साखर दोन्ही चांगली उतरवतात, पण थांबवली की वजन बहुतेकांचं परत चढतं. घ्यायची की नाही ते तज्ज्ञांशी बोलून ठरवावं, मैत्रिणीचं पाहून नाही.

अंगात रक्त कमी असेल तर एचबीए१सीवर एकटा विश्वास ठेवू नका. लोहाच्या कमतरतेत तो आकडा खोटाच वाढलेला दिसू शकतो, आणि पाळीत खूप रक्त जात असेल तर उलट खोटा कमीही दिसतो. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांचं हिमोग्लोबिन कमी आहे, तेव्हा त्यासोबत उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर तपासायला सांगा. दोन तासांनंतरचा आकडा १४०च्या आत हवा, १४० ते १९९ उंबरठा, २००च्या पुढे मधुमेह.

गरोदरपणात जिची साखर वाढली होती तिला तर हे आयुष्यभर लागू आहे. बाळंत झाल्यावर साखर उतरते, सगळे निश्चिंत होतात, आणि फाइल कपाटात जाते. पण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा सात ते दहापट असते. आमच्या पुतण्याच्या बायकोची साखर सातव्या महिन्यात वाढली होती. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन पुन्हा तपासायची असते, म्हणून जाऊबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेभोवती लाल गोल करून ठेवलाय. बाळाची दीड महिन्याची लस त्याच आठवड्यात आहे. दोन तास लॅबमध्ये बसावं लागेल, तेवढा वेळ बाळाला मी घेणार आहे.